'हॅरोइंग' म्हणजे नेमकं काय? उगमापासून वापरापर्यंत, नवशिक्यांसाठी

अनुवादाच्या कामात मी नवी होते तेव्हाची गोष्ट. पुरात अडकलेल्या एका कुटुंबाला घराच्या छतावरून उतरवल्याची इंग्रजी बातमी समोर होती आणि मथळ्यात शब्द होते 'हॅरोइंग रेस्क्यू'. शब्दकोश उघडला. अत्यंत क्लेशदायक, हृदयद्रावक, असं काहीसं दिलेलं होतं. मी मथळा दिला: 'कुटुंबाची हृदयद्रावक सुटका'. वरिष्ठांनी वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "अगं, सुटले ना ते? मग हृदय कशाला वितळलं?"

शब्दकोशाचा काही दोष नव्हता. मी अर्थ उचलला होता आणि शब्दाकडे पाहिलंच नव्हतं. मन अस्वस्थ करणाऱ्या गोष्टींसाठी इंग्रजीत विशेषणांचा मोठा गोतावळा आहे: डिस्टर्बिंग, अनसेटलिंग, ईरी, ग्रूसम, डिस्ट्रेसिंग, आणि आपला हा हॅरोइंग. मराठीत उतरवताना आपण तो सगळा गोतावळा 'भयानक', 'हृदयद्रावक' आणि 'अंगावर काटा आणणारा' या तीन खुंट्यांवर टांगून मोकळे होतो. यातल्या 'हॅरोइंग'पासून सुरुवात करावी असं मी नव्या मंडळींना सांगते, कारण या शब्दाचं मूळ एकदा डोळ्यांना दिसलं की तो कुठे बसतो आणि कुठे बसत नाही हे फारसं पाठ करावं लागत नाही.

पायरी १: तोंडात बसवा

'हॅट'मधला हॅ, पुढे 'रो', मग 'इंग'. जोर पहिल्या अक्षरावर. स्पेलिंगमध्ये दोन आर आहेत म्हणून 'हॅर्रो' असं दाबून म्हणायचं नाही. 'ॲरो', 'नॅरो', 'स्पॅरो' यांच्याच चालीवर 'हॅरो'. अमेरिकी तोंडात पहिला स्वर पुष्कळदा 'हे'कडे झुकतो. त्यामुळे घाईत ऐकणाऱ्याला भलतंच ऐकू येतं. एका मुलाखतीच्या लेखी प्रतीत मी 'हेरोइन अनुभव' असं वाचलेलं आहे, आणि मुलाखत देणारी बाई अमली पदार्थांबद्दल चकार शब्द बोलली नव्हती.

पायरी २: अवजार डोळ्यांसमोर आणा

ही पायरी घाईने ओलांडू नका.

नांगरट झाल्यावर जमीन उलथून पडलेली असते. ढेकळं मोठाली, कुठे तणाची मुळं वर आलेली, कुठे अर्धवट गाडलेली. अशा जमिनीत पेरता येत नाही. म्हणून तिच्यावरून एक जड चौकट ओढतात. चौकटीच्या खालच्या बाजूला ओळीने दात असतात, पूर्वी लाकडी, पुढे लोखंडी. दात मातीत रुततात, चौकट पुढे ओढली जाते, ढेकळं फुटत जातात, तण उपटून वर येतं आणि मागे समांतर चरे उमटतात. एका फेरीत काम होत नाही. पुन्हा पाळी द्यावी लागते, मग आडवी पाळी. या अवजाराला इंग्रजीत 'हॅरो' म्हणतात. मध्ययुगीन इंग्रजीतलं त्याचं रूप 'हार्वे'च्या जवळ जाणारं होतं, आणि डॅनिश व स्वीडिश भाषांत आजही त्याचा सख्खा भाऊ 'हार्व' नांदतो आहे.

मराठी वाचकाची इथे एक गंमत होते. शब्दकोशात 'हॅरो'समोर 'कुळव' किंवा 'वखर' लिहिलेलं असतं आणि कामाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. दोन्ही अवजारं ढेकळं फोडतात, तण काढतात. पण आपल्या कुळवाला दात नसतात. त्याला खाली एक आडवी लोखंडी पात असते, ती मातीच्या पोटातून सरळ कापत जाते. तुम्ही कुळव डोळ्यांसमोर आणलात तर 'हॅरोइंग'मधलं दुखणं तुम्हाला जाणवणारच नाही. त्यापेक्षा दंताळं आठवा. भलंमोठं, जड, माणसाने नव्हे तर जनावराने किंवा ट्रॅक्टरने ओढलेलं. (ट्रॅक्टरमागे तव्यांसारख्या चकत्या लावलेलं जे यंत्र असतं, त्याला शेतकरी सरळ 'डिस्क हॅरो' म्हणतात, शब्द आपल्याकडे मागच्या दाराने कधीचाच आलेला आहे.)

आता या चित्रातल्या तीन गोष्टी मनात धरा. दात हळू फिरतात. पुन्हा पुन्हा फिरतात. आणि ज्या जमिनीवरून ते फिरतात, ती उठून बाजूला होऊ शकत नाही. 'हॅरोइंग'चा सगळा वापर या तिन्हींत आहे. इंग्रजीत एक जुनी म्हण आहे, हॅरोखाली सापडलेल्या बेडकासारखं जगणं. चहूबाजूंनी छळ, आणि निघायला वाट नाही, अशा माणसाबद्दल ती वापरतात.

शेतातला हा शब्द माणसाच्या मनावर कुणी चालवला, तेही ठाऊक आहे. भावना ओरबाडून काढणं या अर्थाने 'हॅरो' हे क्रियापद सापडतं ते १६०० च्या सुमारास, शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये, आणि तेही पहिल्याच अंकात दोनदा. आधी हॅम्लेटचा मित्र होरेशिओ मध्यरात्री पहाऱ्यावर हॅम्लेटच्या मृत वडिलांचं भूत पाहतो आणि म्हणतो की हे मला भीतीने आणि आश्चर्याने 'हॅरो' करतं आहे. मग ते भूतच हॅम्लेटला सांगतं, मी माझी कहाणी सांगायला लागलो तर तिच्यातल्या हलक्यात हलक्या शब्दानेही तुझा आत्मा 'हॅरो अप' होईल, केस साळिंदराच्या काट्यांसारखे उभे राहतील. त्यातला 'अप' सोडू नका. दात नुसते टोचत नाहीत, आतलं उकरून वर आणतात.

याच नाटकाची १६०३ साली निघालेली एक जुनी छापील प्रत आहे. तिच्यात होरेशिओच्या तोंडी 'हॅरो'च्या जागी 'हॉरर' हा शब्द क्रियापदासारखा वापरलेला दिसतो. म्हणजे 'हॅरो' आणि 'हॉरर' यांची गल्लत अगदी पहिल्या छपाईपासूनची आहे, तुमची झाली तर वाईट वाटून घेऊ नका. पण दोघांचं नातं काही नाही. 'हॉरर' लॅटिनमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ केस ताठ उभे राहणं. त्याचा दूरचा चुलतभाऊ आपल्याकडे आहे, आणि तो म्हणजे, ऐकून बसा, 'हर्ष'. संस्कृतात हर्ष म्हणजे मुळात रोम उभे राहणं. 'रोमहर्षक'मध्ये ते अजून दिसतं. अंगावर आलेला काटा दोन मिनिटांत बसतो. हॅरोच्या दातांचे चरे राहतात. 'हॉरिफाइंग' आणि 'हॅरोइंग' यांत निवड करताना मी इतकंच पाहते.

जाता जाता: शेतीच्या अवजारांतून दुःखाचे शब्द काढायची युरोपच्या भाषांना खोडच दिसते. संकट, हालअपेष्टा या अर्थाचा 'ट्रिब्युलेशन' हा शब्द लॅटिन 'ट्रिब्युलम'पासून आला आणि ट्रिब्युलम म्हणजे मळणीसाठी धान्यावरून ओढायची, खाली धारदार तुकडे बसवलेली फळी. तापात माणूस बरळतो तो 'डिलिरियम' 'लिरा'पासून, म्हणजे नांगराच्या तासापासून. तास सोडून भलतीकडे गेलेला नांगर, तसं भरकटलेलं डोकं.

पायरी ३: तीन 'हॅरो' एकमेकांपासून सोडवा

सारखे दिसतात, सारखे ऐकू येतात, पण तीन वेगळ्या घरांतले आहेत.

एक तर आपला दातांचा हॅरो.

दुसरा लंडनच्या वायव्येकडच्या हॅरो गावाचा. नेहरू आणि चर्चिल ज्या शाळेत शिकले ती १५७२ साली स्थापन झालेली हॅरो स्कूल तिथलीच. गावाच्या नावाचं मूळ जुन्या इंग्रजीतल्या 'देऊळ' या अर्थाच्या शब्दात आहे. इसवी सन ७६७ च्या एका दस्तऐवजात गुमेनिंग लोकांचं देवस्थान अशा अर्थाने त्याची नोंद सापडते. शाळेचा आणि क्लेशाचा संबंध विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या दिवसांत लावला असेल तर तो वेगळा.

तिसरा सगळ्यांत फसवा. ख्रिस्ती परंपरेत 'हॅरोइंग ऑफ हेल' नावाची कल्पना आहे आणि मध्ययुगीन चित्रांत ती वारंवार येते. हे शब्द पाहिले की मराठी माणूस डोळे मिटून 'नरकातल्या यातना' लिहितो. अर्थ जवळजवळ उलटा आहे. क्रुसावरचा मृत्यू आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या काळात ख्रिस्त अधोलोकात उतरतो, तिथले दरवाजे मोडतो आणि आदम, ईव्ह व इतर बंदिवान आत्म्यांना बाहेर काढून नेतो, अशी ती कथा. इथला 'हॅरो' जुन्या इंग्रजीतल्या स्वारी करणं, लूट करणं या अर्थाच्या क्रियापदातून आलेला आहे आणि त्या क्रियापदाच्या मुळाशी 'सैन्य' हा शब्द आहे. म्हणजे नरकावर घातलेला छापा. आनंदाची घटना! याच क्रियापदाचं आजचं नेहमीचं रूप 'हॅरी' असं आहे. इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याने १०६९-७० च्या हिवाळ्यात उत्तर इंग्लंड जाळून उजाड केलं, त्याला 'हॅरीइंग ऑफ द नॉर्थ' म्हणतात ते म्हणूनच.

या तिसऱ्यातून एक रोजच्या वापरातला शब्द निघतो: 'हॅरीड'. सतत कुणी ना कुणी मागे लागल्यामुळे मेटाकुटीला आलेला, असा त्याचा अर्थ. कामाच्या रगाड्यातली आई 'हॅरीड' असते. मूल गमावलेली आई 'हॅरोड'. एका स्वराचा फरक आहे आणि चुकला तर फार वाईट चुकतो.

पायरी ४: दातांखाली कोण आहे, ते विचारा

आता प्रत्यक्ष वापर. नियम सांगण्यापेक्षा एक प्रसंग घेऊ.

इंजिन बंद पडलेली एक होडी. अकरा माणसं, चार दिवस. पहिल्या दिवशी पिण्याचं पाणी पेल्याने वाटलं, दुसऱ्या दिवशी बाटलीच्या टोपणाने. तिसऱ्या दिवशी एक मुलगा समुद्राचं पाणी ओंजळीने पिऊ लागला, त्याच्या वडिलांनी हात धरला, आणि थोड्या वेळाने हात धरायची ताकद राहिली नाही म्हणून सोडला. चौथ्या दिवशी जहाज आलं.

हे चार दिवस 'हॅरोइंग' आहेत. वाचलेल्यांनी पुढे ते सांगितले, तर ती हकिकतही 'हॅरोइंग'. ती हकिकत लिहून घेताना लिहिणाऱ्याचा हात थांबला असेल, तर त्याचा अनुभवही काही अंशी तसाच म्हणता येईल. हे विशेषण जे सोसलं त्याला लागतं, ते सांगण्याला लागतं आणि कधी ते ऐकण्या-पाहण्यालाही लागतं. तिन्ही ठिकाणी कुणीतरी दातांखाली आहे, त्याला चटकन निघून जाता येत नाही.

याच होडीवर इतर विशेषणं बसवून पाहा. दुसऱ्या रात्री होडीलगत पाण्यातून एकदम काहीतरी मोठं वर आलं आणि गेलं, ते 'टेरिफाइंग'. पहाटे धुकं असं दाटलं की शेजारी बसलेल्याचा आवाज लांबून आल्यासारखा वाटे, ते 'ईरी'. (हा शब्द स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडकडचा, आधी तो घाबरणाऱ्या माणसाला लावत, पुढे घाबरवणाऱ्या गोष्टीला लागला.) आणि तिसऱ्या दिवशी दोन जहाजं दिसण्याइतक्या अंतरावरून न थांबता निघून गेली, हे 'डिस्टर्बिंग'.

शेवटचा फरक सगळ्यांत कामाचा आहे, म्हणून जरा थांबते. 'डिस्टर्ब'च्या पोटात लॅटिन 'टर्बा' आहे: गोंधळ, गलका. 'टर्बिड' म्हणजे गढूळ, तोही त्याच घरातला. आपण 'मन ढवळून निघालं' म्हणतो तेव्हा अगदी हेच चित्र वापरत असतो. 'डिस्टर्बिंग' हा पाण्याचा शब्द, 'हॅरोइंग' मातीचा. जहाजं का थांबली नाहीत या प्रश्नाने मनातलं पाणी गढूळ होतं; तिथे कुणाचं शरीर वा जीव सोसत असण्याची गरज नाही. म्हणून एखादी आकडेवारी 'डिस्टर्बिंग' असू शकते, एखादा कल, एखादं हसू, एखाद्या नेत्याचं वाक्यही. आकडेवारी 'हॅरोइंग' नसते. आकड्यामागच्या एका माणसाची साक्ष असते.

'अनसेटलिंग' त्याहून सौम्य. 'सेटल'मध्ये बसणं, स्थिर होणं आहे; ते उसवलं की 'अनसेटलिंग'. आणि आपला 'अस्वस्थ' म्हणजे तरी काय, जो 'स्व'मध्ये 'स्थ' नाही तो. इतका चपखल जोड क्वचित मिळतो, तेव्हा 'अनसेटलिंग'ला 'अस्वस्थ करणारा' सोडून दुसरं काही शोधू नका.

एक वेगळी गोष्ट इथेच सांगून टाकते. पुस्तकाच्या किंवा सिनेमाच्या परीक्षणात 'हॅरोइंग' आलं तर ते बहुतेक वेळा कौतुक असतं. कलाकृती तुम्हाला दातांखाली धरून ठेवते, सोडत नाही, असं परीक्षकाला म्हणायचं असतं. नवे वाचक ते तक्रार समजतात.

पायरी ५: वाक्यात बसवा

व्याकरण फारसं नाही. नामाआधी येतं: 'अ हॅरोइंग एक्सपिरियन्स'. क्रियापदानंतरही येतं: 'द जर्नी वॉज हॅरोइंग'. स्वतःला काय वाटलं ते सांगायचं तर 'आय फाउंड इट हॅरोइंग'. 'आय वॉज हॅरोइंग' म्हणालात तर तुम्ही शेतात ढेकळं फोडत होतात असा अर्थ होईल, किंवा तुमची संगत असह्य होती असा. सोसणाऱ्या माणसाला, त्याच्या चेहऱ्याला किंवा नजरेला 'हॅरोड' लावायचं.

'मोअर' आणि 'मोस्ट' चालतं. 'व्हेरी' चुकीचं नाही, पण शब्द मुळातच टोकाचा आहे. त्याला ढकलायला आणखी कुणी कशाला? मी तो नेहमी खोडते.

ज्यांच्याबरोबर तो सहज बसतो ती नामं अशी: एक्सपिरियन्स, जर्नी, अकाउंट, टेस्टिमनी, डिटेल्स, इमेजेस आणि सगळ्यांत लाडकं 'ऑर्डील'. या शेवटच्याला आपल्याकडे तयार जोडीदार आहे. जुन्या इंग्लंडमध्ये आरोपीला तापलेलं लोखंड धरायला लावून किंवा पाण्यात टाकून खरंखोटं ठरवत, त्या परीक्षेचं नाव ऑर्डील. आपण त्याला 'दिव्य' म्हणतो. तेव्हा 'हॅरोइंग ऑर्डील' दिसलं की 'भयंकर परीक्षा' असलं काही लिहिण्याआधी 'जीवघेणं दिव्य' लिहून पाहा.

क्षुल्लक गोष्टींना हा शब्द लावू नये. गाडी लावायला जागा मिळाली नाही, मुलाखत लांबली, फोन हरवला. इंग्रजी बोलणारे थट्टेत लावतात, पण थट्टा ही सूर ओळखता आल्यावर करायची गोष्ट आहे. आणखी एक: ज्याने सोसलं आहे त्याच्यासमोर बसून त्याच्या अनुभवाला 'हॅरोइंग' म्हणणं मला खटकतं. अहवालात, बातमीत ठीक. समोरासमोर तो शिक्का मारल्यासारखा वाटतो. तिथे 'टेरिबल' हा साधा शब्द जास्त माणुसकीचा.

पायरी ६: मराठीत आणा

माझ्या मथळ्याची चूक इथे उलगडते. 'हृदयद्रावक'मध्ये 'द्रव' आहे. हृदय विरघळतं, डोळे भरून येतात. ही करुणेची ओल आहे, आणि ती छानच आहे, पण 'हॅरोइंग' ओलं नाही.

'हॅरोइंग'चा खरा मराठी भाऊबंद 'विदारक'. संस्कृतातल्या 'दृ' या धातूचा अर्थ चिरणं, फाडणं. विदारण म्हणजे चिरून उघडणं. इंग्रजीत फाडणं या अर्थाचा 'टेअर' हा शब्द याच मूळ धातूपर्यंत जाऊन पोचतो, आणि ग्रीकमधला 'डर्मा', म्हणजे कातडी, तोही. त्वचारोगतज्ज्ञाच्या पाटीवरचा 'डर्मा' आणि आपला 'विदारक' एका धातूचे. तेव्हा 'हॅरोइंग अकाउंट'ला 'विदारक हकिकत' म्हणा, फारसं बिघडत नाही.

फारसं म्हणाले, कारण 'विदारक'ला वर्तमानपत्रांनी वापरून वापरून बोथट केलं आहे. 'विदारक वास्तव', 'विदारक चित्र' वाचताना आता कुणालाच काही चिरल्यासारखं होत नाही. अशा वेळी मी विशेषणाचा हट्ट सोडते आणि क्रियापदाकडे वळते. मराठीची ताकद तिथे आहे. 'तिची साक्ष विदारक होती' यापेक्षा 'तिची साक्ष ऐकताना काळजाला घरं पडली' हे वाक्य कितीतरी जवळ जातं. घरं पडतात, म्हणजे खुणा राहतात, चऱ्यांसारख्या. 'काळीज पिळवटून निघालं' हेही चालतं. तिथे दात नाहीत पण ओढ आहे, वेळ आहे. 'सुन्न झालो' मात्र नंतरची अवस्था सांगतं, दात फिरून गेल्यावरची. अनुभव चालू असताना ते वापरू नका.

आणि सुटकेचं काय? अमेरिकी बातम्यांत 'हॅरोइंग एस्केप', 'हॅरोइंग रेस्क्यू' हे सर्रास येतं. तिथे शब्द थोडा सैल होऊन 'जीव टांगणीला लावणारा' या अर्थाकडे सरकलेला असतो. मराठी बातमीत याला रुळलेला शब्द आहे 'थरारक'. तो घ्यायला लाजू नका, फक्त शेवट गोड झाला असेल तेव्हाच घ्या. ज्या प्रसंगात माणसं गेली, त्याला 'थरारक' म्हणणं वाचवत नाही.

पायरी ७: हात साफ करा

खालची उदाहरणं स्वतः सोडवून मग माझं उत्तर वाचा.

'टू हॅरोइंग्ज बिफोर सोइंग'. शेतीच्या माहितीपत्रकातलं आहे. पेरणीआधी दोन पाळ्या. यंत्राने केलेल्या एका भाषांतरात याचं 'पेरणीपूर्वी दोन वेदनादायक' झालेलं पाहिलं आहे, पुढे नामच नव्हतं.

'अ हॅरोइंग नॉव्हेल', परीक्षणातलं. 'काळीज पिळवटून टाकणारी कादंबरी', आणि सूर कौतुकाचा ठेवायचा.

'हॅरोइंग स्टॅटिस्टिक्स'. मूळ लेखकाचाच तोल गेला आहे. मी 'अस्वस्थ करणारी आकडेवारी' लिहीन आणि मूळ लेखकाशी भांडायची तयारी ठेवीन.

'शी हॅड अ हॅरीड लुक'. घाई करू नका, इथे 'रो' नाही, 'री' आहे. 'तिची नुसती तारांबळ उडालेली दिसत होती.'

'द हॅरोइंग ऑफ हेल', एका चित्राखालची ओळ. 'अधोलोकावर ख्रिस्ताची स्वारी'. 'नरकातील बंदिवानांची मुक्तता' म्हटलं तरी कुणी हरकत घेणार नाही, पण मोडलेले दरवाजे त्यात येत नाहीत.

आणि शेवटी 'हॅरोइंग रेस्क्यू', छतावरच्या त्या कुटुंबाची. वरिष्ठांनी त्या दिवशी माझा मथळा खोडून 'थरारक सुटका' केलं होतं आणि ते बरोबरच होतं. आज मला पुन्हा द्यायचा झाला तर मी 'थरारक'ही गाळीन. बातमीत खाली, पाचव्या परिच्छेदात लिहिलेलं होतं की पाणी चढत असताना ती माणसं सहा तास छतावर बसून होती आणि आजीला त्यांनी साडीने टाकीला बांधून ठेवलं होतं. 'सहा तास छतावर. आजीला टाकीशी बांधून कुटुंब तगलं'. दात त्या सहा तासांत होते.